नांगर धरलेले व्हायकिंग

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात व्हायकिंग येतात ते बहुधा आग आणि तलवार घेऊनच. इ. स. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नचा मठ लुटला गेला आणि शार्लमेनच्या आश्रयाला असलेल्या अल्क्विनला त्यात ईश्वरी कोप दिसला. हे चित्र खोटे आहे, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण ते रेखाटणारे लुटल्या गेलेल्या धर्मपीठांतलेच होते; लुटणाऱ्यांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही.

८६५ साली आलेली ‘मोठी फौज’ मात्र लूट घेऊन परतणारी नव्हती. ८६७ मध्ये तिने यॉर्क राखले, ८६९ मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड मारला गेला, ८७४ मध्ये मर्सियाच्या राजाने देश सोडला. उरले वेसेक्स. ८७८ मध्ये एडिंग्टन येथे आल्फ्रेड जिंकला, गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला आणि पाठ्यपुस्तकांनी सुटकेचा निःश्वास टाकला!

आम्हांला अधिक मोलाची वाटते ती ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मधील ८७६ ची नोंद. हाफडानने नॉर्थंब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसे नांगरू लागली, एवढेच ती सांगते. त्या जमिनीचे आधीचे धनी कोठे गेले, याविषयी ती मूक आहे.

पुढची साक्ष भाषा देते. डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांतला ‘बी’ म्हणजे नॉर्स भाषेतली वस्ती. ‘लॉ’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘स्काय’ हे शब्दही तिकडचेच. ‘हजबंड’ नॉर्स आणि ‘वाइफ’ मूळची अँग्लो-सॅक्सन, यावरून मिश्र विवाहांची कथा रचण्याचा मोह होतो. पण ‘हजबंड’चा मूळ अर्थ घरधनी एवढाच असल्याने तो आवरलेला बरा. खरे नवल सर्वनामांचे. वस्तूंची नावे बाजारहाटातूनही येतात. ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ यांसारखी सर्वनामे सहसा उसनी घेतली जात नाहीत. त्यासाठी दोन भाषा सख्ख्या शेजारी, एका बांधावर, पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जाव्या लागतात. त्या मुळात एकाच कुळातल्या असल्याने हे सुकर झाले असावे.

१०१६ मध्ये कनूट सबंध इंग्लंडचा राजा झाला. त्याच्या घराण्याची सत्ता १०४२ मध्ये संपली. सर्वनामांची चाल याहून संथ होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा चॉसर कर्ता म्हणून ‘दे’ लिहितो, पण षष्ठीत ‘हिर’ आणि द्वितीयेत ‘हेम’ ही जुनी रूपेच वापरतो. हाफडानच्या माणसांनी नांगर धरल्याला तेव्हा पाचशे वर्षे होऊन गेली होती.