भांग, स्वयंपुष्पी
भांग, स्वयंपुष्पी : भांगेचे झाड (कॅनाबिस) सामान्यतः दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते; ज्यूल्यँ तूर्न्वा यांनी १९१२ मध्ये फ्रान्समध्ये हे प्रयोगाने दाखविले. दिवसाच्या लांबीची पर्वा न करता वयानुसार फुलणारे रानटी वाण यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये आग्नेय रशियातून कॅनाबिस रूडेरॅलिस या नावाने वर्णिले. ते बुटके असून पडीक जागी वाढते व त्याचे बी पिकताच गळते. तेथील उन्हाळा अल्प असल्याने लवकर फुलणारी झाडेच तगली असावीत. स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये भांगेची एकच जाती मानली आणि हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्वयंपुष्पन हा अप्रभावी गुण आहे. नेहमीच्या वाणाशी संकर केल्यास पहिल्या पिढीत तो लोपल्यासारखा दिसतो व दुसरीत सुमारे चतुर्थांश झाडांत पुन्हा प्रकटतो. अशा मिश्र पिढीचे बी ‘स्वयंपुष्पी’ म्हणून घेणाऱ्याची फसगत होते. बरीचशी झाडे दिवस लहान होईपर्यंत फुलतच नाहीत. वस्तुतः निवड अवघड नाही, कारण मोठ्या दिवसांत फुललेले झाड त्या गुणापुरते शुद्धच असते. उंची, राळेचे प्रमाण इ. गुण स्थिर होण्यास मात्र आणखी कित्येक पिढ्या निवड करावी लागते.