फासा आणि निकाल यांच्या मधले क्षण

१/
छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिम अंगाला, खाम नदीपलीकडे छावणी आहे. एकोणिसाव्या शतकात येथे हैदराबाद कंटिन्जंटचे ठाणे होते. ही फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची होती. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या एका खेळाच्या पॉडकास्टचा धागा अशा लष्करी जगाशी जुळतो. तो कसा, ते पाहू. #धागा

२/
आधी खेळ समजून घेऊ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपली कृती सांगतात आणि यश-अपयशाचा कौल फासा देतो. या बैठकीचे ध्वनिमुद्रण करून, त्यावर संकलनाचे संस्कार करून ते पॉडकास्ट म्हणून प्रसृत होते.

३/
आता १८०३ कडे वळू. अहमदनगरचा किल्ला घेऊन आर्थर वेलस्ली ऑगस्टच्या अखेरीस औरंगाबादेस पोहोचला. २३ सप्टेंबर रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, दौलतराव शिंदे व रघुजी भोसले यांच्या सैन्याशी त्याची गाठ पडली.

४/
केळणा नदी ओलांडायला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. अशा गावांत येण्याजाण्याची वाट असणारच, एवढ्या तर्कावर त्याने फौज पुढे नेली. तर्क खरा ठरला.

५/
त्याचा दुसरा अंदाज मात्र साफ चुकला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन याने आपली सारी फळी वेळेत फिरवून त्याच्यासमोर उभी केली. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजी फौजेची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी केली. दिवस इंग्रजांचा ठरला, पण सकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हते.

६/
युद्धातील हे 'ठाऊक नसणे' खेळात आणले प्रशियाच्या एका तोफखाना अधिकाऱ्याने. १८२४ मध्ये राइसविट्झ याने 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धखेळाचे नियम सिद्ध केले. नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. खेळाडू लेखी हुकूम पंचाकडे देत. कोणाला काय दिसले, कोणता निरोप केव्हा पोहोचला, हे पंच ठरवी.

७/
१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला नमवले आणि इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला. १८७६ मध्ये वेर्दी द्यू व्हेर्नुआ याने नियमांचे ओझे उतरवून पंचाच्या अनुभवावर भिस्त ठेवली. १८८० मध्ये अमेरिकन अधिकारी टॉटन याचे 'स्ट्रॅटेगोस' आले.

८/
१९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने 'स्ट्रॅटेगोस'मधील पंच आपल्या 'ब्राउनस्टाइन' खेळात आणला. सेनापतींबरोबरच नगरातील नागरिकांच्या भूमिकाही त्याने खेळाडूंना दिल्या. त्या मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने गॅरी गायगॅक्सबरोबर मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. लष्करातला पंच सूत्रधार झाला.

९/
पॉडकास्टमध्ये या साखळीला आणखी एक कडी जोडली जाते : ध्वनिसंकलक. तीन-चार तासांच्या बैठकीत नियमपुस्तकाची शोधाशोध असते, खाण्यापिण्याचे आवाज असतात, एकाच वेळी बोलणारे तिघे असतात. म्हणून शक्य तेथे प्रत्येकाला वेगळा माइक व वेगळा ट्रॅक देतात, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याचे वाक्य न बिघडवता काढता येतो.

१०/
एका ट्रॅकवरून दोन सेकंद कापून काढले, तर बाकीच्यांवरूनही तेवढेच काढावे लागतात, नाहीतर प्रश्नाआधी उत्तर ऐकू येते. कापलेल्या जागी पूर्ण निःशब्दता ठेवली तर कानाला खड्डा जाणवतो. म्हणून बैठकीपूर्वी रिकाम्या खोलीचा नुसता आवाज काही सेकंद मुद्रित करून ठेवतात आणि ठिगळासारखा तेथे लावतात.

११/
खरी कसोटी शांततेची. ऑडॅसिटीसारख्या प्रणालीत लांब शांतता आपोआप आखूड करण्याची सोय आहे. काम झटपट होते, पण यंत्राला सगळी शांतता सारखीच. पान उलटताना गेलेले चार सेकंद आणि फासा घरंगळत असताना श्वास रोखून गेलेले चार सेकंद यांतला भेद त्याला कळत नाही.

१२/
पहिले चार काढावेत, दुसरे ठेवावेत. ते गेले की पात्र मरणार की वाचणार हा प्रश्न उमटण्याआधीच उत्तर कानावर पडते. खेळाडूंना जे ठाऊक नव्हते, ते श्रोत्यालाही तेवढाच वेळ ठाऊक नसावे. पंचाचे दोनशे वर्षांपूर्वीचे काम आता संकलकाकडे आले आहे.

१३/
इतिहासलेखनातही हीच कात्री चालते. असईचा निकाल माहीत असल्याने नदीकाठची ती अनिश्चितता आपण सहज कापून टाकतो. मग वेलस्लीचा तर्क दैवी वाटू लागतो, पोलमनची चपळाई दिसेनाशी होते आणि शिंद्यांचे गोलंदाज जणू हरण्यासाठीच उभे होते असे भासते.

१४/
त्या दिवशी ते गोलंदाज मात्र जिंकण्यासाठी लढत होते. निकाल माहीत असणाऱ्याने त्यांची ती वेळ त्यांना परत द्यावी, एवढेच. संकलकाच्या हाती त्यासाठी चार सेकंद असतात, इतिहासकाराच्या हाती एखादा परिच्छेद.