आसंजक प्रथिने, मूत्रमार्ग-संसर्गातील

सूक्ष्मजंतूंच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांमुळे ते मूत्रमार्गाच्या अस्तरातील कोशिकांना चिकटून राहतात, त्यांना आसंजक प्रथिने म्हणतात. मूत्राचा प्रवाह हे मूत्रमार्गाचे नैसर्गिक संरक्षण होय. मार्गात शिरलेला जो सूक्ष्मजंतू कोठेही चिकटत नाही, तो प्रवाहाबरोबर बाहेर टाकला जातो. त्यामुळे आसंजन ही संसर्गाची पहिली व अटळ पायरी ठरते. मूत्रमार्गाचे बहुसंख्य संसर्ग एश्चेरिकिया कोलाय या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या सूक्ष्मजंतूमुळे होतात. त्याच्या आसंजक प्रथिनांपैकी मूत्राशयाच्या संसर्गाशी निगडित असलेले फिम-एच आणि वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) संसर्गाशी निगडित असलेले पॅप-जी या दोहोंचा अभ्यास सर्वांत सखोल झाला आहे.

इतिहास : थिओडोर एश्चेरिक यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतील या सूक्ष्मजंतूचे वर्णन केले व १८९४ मध्ये मुलांच्या मूत्राशयशोथाशी त्याचा संबंध दाखविला. रोगाचे कारण अशा रीतीने कळले, तरी वाहत्या मूत्रात हा सूक्ष्मजंतू टिकून कसा राहतो, या प्रश्नाचा उलगडा होण्यास बराच काळ जावा लागला. १९०८ मध्ये गियो यांना हे सूक्ष्मजंतू तांबड्या रक्तकोशिकांत मिसळले असता त्या कोशिकांच्या गुठळ्या होतात असे आढळले. या समूहनाचा रोगाशी काही संबंध असेल, असे त्या काळी कोणास वाटले नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाल्यावर १९५० च्या सुमारास सूक्ष्मजंतूंच्या अंगावर कशाभिकांहून निराळे, आखूड व सरळ तंतू दिसू लागले. एडिंबरो येथील जे. पी. ड्यूगिड व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये हे तंतू व रक्तकोशिकांचे समूहन यांचा संबंध प्रस्थापित केला आणि तंतूंना झालर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘फिंब्रिया’ हे नाव दिले. अमेरिकेतील चार्ल्स ब्रिंटन यांनी १९५९ मध्ये त्यांनाच केस या अर्थाचे ‘पिली’ हे नाव सुचविले. दोन्ही नावे आजही रूढ आहेत. याच दशकात, मॅनोज ही साधी शर्करा मिश्रणात घातली असता काही वाणांचे समूहन थांबते व काहींचे थांबत नाही, असे दिसून आले. सूक्ष्मजंतू कोशिकेवरील विशिष्ट शर्करा ओळखून तिला धरतो, या कल्पनेचे मूळ या निरीक्षणात आहे.

वैद्यकाचे लक्ष या संशोधनाकडे वळले ते १९७०–८० या दशकात. स्वीडनमधील कॅथारीना स्वानबॉर्ग-एडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये असे दाखविले की, वृक्कशोथाच्या रुग्णांपासून मिळविलेले वाण मूत्रमार्गातील कोशिकांना इतर वाणांपेक्षा अधिक चिकटतात. इझ्राएलमधील इत्झाक ओफेक, डेव्हिड मिरेलमन व नेथन शॅरन यांनी १९७७ मध्ये मानवी श्लेष्मल कोशिकांवरील मॅनोजयुक्त ग्राहींना सूक्ष्मजंतू चिकटतात असे सिद्ध केले. मॅनोजसदृश संयुग दिल्यास उंदरांतील संसर्ग टाळता येतो, असेही १९७९ मध्ये आढळले. मॅनोजला न जुमानणाऱ्या तंतूंचा उलगडा १९८० मध्ये स्वीडनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे केला. हे तंतू ‘पी’ रक्तगटाच्या प्रतिजनांतील दोन गॅलॅक्टोज घटकांची जोडी ओळखतात. ज्या दुर्मिळ व्यक्तींच्या रक्तात हे प्रतिजन नसतात, त्यांच्या रक्तकोशिकांचे समूहन होत नाही. यावरून या तंतूंना ‘पी’ फिंब्रिया असे म्हणतात. हीच जोडी वृक्कातील कोशिकांच्या मेदयुक्त शर्करांतही असते.

संरचना : १९८० नंतर जनुकांच्या अभ्यासामुळे तंतूच्या एकेका घटकाचे कार्य वेगळे करून पाहता आले. तंतू स्वतः चिकटत नसून त्याच्या टोकावरील अल्प प्रमाणातील एक प्रथिन हे काम करते, असे स्वीडनमधील उमिओ येथील स्टाफान नॉर्मार्क यांच्या गटाने १९८७ मध्ये ‘पी’ फिंब्रियांबाबत दाखविले. पहिल्या प्रकारच्या (मॅनोजला बांधल्या जाणाऱ्या) फिंब्रियांत फिम-ए या प्रथिनाच्या शेकडो ते हजारो प्रतींचा, सु. ७ नॅनोमीटर व्यासाचा मळसूत्राकार दांडा असतो. त्याच्या टोकाशी लवचिक अग्रभाग व अगदी शेवटी फिम-एचचा एकच रेणू असतो. ओढ बसली असता दांड्याचे वेढे उलगडतात व ओढ कमी होताच पुन्हा बसतात. त्यामुळे प्रवाहाचा झटका टोकावर एकदम येत नाही.

घटक एकमेकांत कसे गुंततात, याचे उत्तर क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संरचनांवरून असे दिसले की, तंतूच्या प्रत्येक घटकाच्या घडीत एक पट्टी उणी असते. सहायक प्रथिन ती उणीव तात्पुरती भरून काढते व तंतू जोडला जाताना शेजारच्या घटकाचे टोक त्या जागी बसते. स्कॉट हल्टग्रेन यांच्या सेंट लूइस येथील गटाचा या कामात मोठा वाटा आहे.

फिम-एचमध्ये २७९ ॲमिनो अम्ले असून त्याचे दोन भाग पडतात. एक भाग तंतूशी जोडलेला असतो व दुसऱ्याच्या टोकावरील खोलगट खाचेत मॅनोजचा रेणू नेमका बसतो. २००२ मध्ये सिॲटल येथील संशोधकांना असे आढळले की, प्रवाहाची ओढ वाढली असता ही पकड सैल न होता घट्ट होते. २०१० मध्ये संरचनेवरून याचा खुलासा झाला. दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले असताना खाच सैल असते. ओढीने ते दूर झाले की खाच शर्करेभोवती मिटते. निरगाठ ओढावी तशी आवळते, त्याप्रमाणेच हे घडते. ज्या प्रवाहाने सूक्ष्मजंतू धुऊन जावा, त्याच प्रवाहामुळे त्याची पकड अशा रीतीने बळकट होते.

शरीराचा प्रतिकार : मूत्राशयाच्या अस्तरावरील यूरोप्लाकिन हे मॅनोजयुक्त प्रथिन फिम-एचचे ग्राही होय. याउलट इगोर टॅम व फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये मूत्रातून वेगळे केलेले प्रथिन मॅनोजच्याच साखळ्या धारण करून मूत्रात तरंगते. सूक्ष्मजंतू अस्तराऐवजी त्याला चिकटतात व मूत्राबरोबर बाहेर जातात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना मूत्राशयाचा संसर्ग अधिक सहज होतो. संसर्ग झालेल्या वरच्या थरातील कोशिका गळून पडतात, हाही संरक्षणाचाच प्रकार आहे. परंतु त्यामुळे खालच्या कोशिका उघड्या पडून सूक्ष्मजंतूंना आश्रय मिळू शकतो.

उपचारातील उपयोग : प्रतिजैव पदार्थांना दाद न देणारे वाण वाढत असल्याने, सूक्ष्मजंतूंना न मारता केवळ चिकटू न देण्याच्या उपायास महत्त्व आले आहे. फिम-एचपासून केलेल्या लशीने उंदरांना संरक्षण मिळते, असे १९९७ मध्ये दिसून आले. खाचेत मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसणारी संयुगेही तयार करण्यात आली आहेत. मात्र वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिने रोज साधे मॅनोज घेतल्याने पुढील संसर्ग कमी झाल्याचे आढळले नाही. साध्या मॅनोजची बांधणी दुबळी असते, शिवाय एका वाणाजवळ निरनिराळी आसंजक प्रथिने असू शकतात. यामुळे प्राण्यांवरील यशावरून मानवी उपचाराबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही.