संत जॉन द बाप्टिस्ट चर्च, कोंडिविटे

मुंबई उपनगर जिल्ह्यात, अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यातप्रधान औद्योगिक क्षेत्राच्या आवारात असलेली ही सोळाव्या शतकातील भग्न चर्चवास्तू पोर्तुगीज अमलात कोंडिविटे गावच्या धर्मग्रामाचे, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील कॅथलिक वस्तीचे, उपासनास्थान होती. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी १५७९ मध्ये ती बांधली आणि ख्रिस्ताला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाला, ज्याचा सण २४ जून रोजी असतो, ती अर्पण केली. महाकाली लेणी या नावाने परिचित असलेली कोंडिविट्याची बौद्ध लेणी येथून जवळच आहेत.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिल्यानंतर, कोंडिविटे ज्यावर वसले आहे त्या साष्टी बेटावर ख्रिस्ती धर्मप्रसार सुरू झाला. धर्मांतरित कुटुंबांनी आपली शेती, मराठी बोली आणि लग्नकार्यातील अनेक जुने रिवाज सोडले नाहीत. त्यांच्याच वंशजांचा समाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखला जातो. वसईच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. तथापि या सत्तांतरांतूनही धर्मग्राम टिकून राहिले.

सत्तेला जे जमले नाही ते रोगराईने केले. १८४० च्या सुमारास साथीचा प्रादुर्भाव झाल्याने रहिवाशांनी वस्ती हलवली आणि धर्मग्रामाचे स्थान जवळच्या मरोळला गेले, जेथे संत जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च उभे राहिले. जुन्या चर्चमधील बाप्तिस्म्याचे दगडी कुंड, ज्यातील पाण्याने बालकांना धर्मात प्रवेश दिला जाई, तसेच काही वेद्या व मूर्ती या नव्या वास्तूत नेण्यात आल्या. मागे राहिलेल्या इमारतीचे छप्पर पुढे नाहीसे झाले. दर्शनी भिंत, कमानी व सभागाराच्या जाड भिंती उरल्या, परंतु उघड्या पडलेल्या माथ्यावरून पावसाचे पाणी भिंतींत मुरू लागले आणि दगडांच्या सांध्यांत झाडांनी मुळे धरली.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) मरोळ परिसरात औद्योगिक वसाहत वसवली आणि १९७३ मध्ये येथे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ स्थापन झाले. पुढे जडजवाहीर व संगणकप्रणाली यांचेही उद्योग तेथे आले, तर २००० मध्ये त्यास विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा क्षेत्रातील मालाच्या ने-आणीवर सीमाशुल्क खात्याचे नियंत्रण असल्याने प्रवेश परवान्यावाचून मिळत नाही. परिणामी भग्नावशेषांच्या जागेवर नवे बांधकाम झाले नसले, तरी ज्यांच्या पूर्वजांचे हे चर्च होते त्यांनाही तेथे मुक्तपणे जाता येत नाही. वर्षातून एकदा तेथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची सामुदायिक उपासना, साजरी करण्याची प्रथा ईस्ट इंडियन समाजाने सुरू केली आहे. या धर्मग्रामाच्या अभ्यासकाला म्हणूनच दोन्ही स्थळे पाहावी लागतात: मूळ बांधकाम सीप्झमध्ये आहे, तर त्यातील उपासनेची साधने आणि अखंड चालत आलेली धर्मपरंपरा मरोळमध्ये आहे.