मुन्शी लुत्फुल्लाह

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीरावाने पळ काढला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांशी तह केला. या दोन तारखांच्या मधे, ४ नोव्हेंबरला, माळव्यातील धार येथे एका सूफी घराण्यात लुत्फुल्लाह जन्मले.

हा माणूस ना सरदार, ना शहीद. चार वर्षांचे असताना वालिद गेले. शिंदे, होळकर, पेंढारी, सगळ्यांनीच माळवा ओरबाडला. गरिबाच्या घरापुढे घोडा कोणाचा उभा राहिला याने फारसा फरक पडत नव्हता. पोटासाठी वणवण करताना ते एकदा लुटारूंच्या टोळीतही सापडले, आणि सुटले. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा त्यांनी सोळावे वर्षही ओलांडले नव्हते.

पुढे ते मुन्शी झाले. विलायतेहून नव्याने आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फारसी, हिंदुस्थानी, अरबी आणि मराठी शिकवू लागले. होय, मराठीसुद्धा! ‘मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी?’ हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा आपल्यात कोण आहे? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक मुसलमान मराठी शिकवून घर चालवत होता. इंग्रजी मात्र ते स्वतःच्या मेहनतीने शिकले.

राज्यकर्त्यांना आपल्या भाषा शिकवणारा हा माणूस गद्दार होता काय? मला तसे वाटत नाही. दरबार मोडले होते, फारसीची कदर करणारे धनी संपले होते. इल्म विकायचा तर गिऱ्हाईक एकच उरले होते.

१८४२ साली सुरतेचे नवाब वारले आणि कंपनीने त्यांच्या घराण्याचे पेन्शन बंद केले. दाद मागायला नवाबांचे जावई मीर जाफर अली खान १८४४ साली लंडनला गेले, तेव्हा दुभाषी म्हणून सोबत होते लुत्फुल्लाह. साहेबाकडून कमावलेली इंग्रजी आता साहेबाच्याच दारी फिर्याद मांडायला उपयोगी पडली.

त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र लंडनमध्ये छापले गेले ते १८५७ साली, इकडे बंड पेटले असताना. पण कहाणी थांबते ती १८४४च्या परतीच्या प्रवासापाशी. त्यानंतर त्यांनी कंपनी सरकारचा शेवट पाहिला, राणीचे राज्य पाहिले, आणि १८७४ साली ते अल्लाहला प्यारे झाले. त्या तीस वर्षांचे एक पानही पुस्तकात नाही.