फासेपारध्यांचे प्राणिशास्त्र

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत हा तालुका साताऱ्यात मोडत असे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस थोडा, जमीन मुरमाड, माळावर कुसळीचे गवत आणि गवताच्या शोधात फिरणारी मेंढरे. दख्खनच्या पठाराचे रूप पुष्कळ ठिकाणी असेच आहे. ‘वन्य प्राणी’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल येते. पण लांडगा, कोल्हा, खोकड, काळवीट, चिंकारा, तित्तर आणि लावा हे उघड्या माळाचे रहिवासी आहेत.

या पठारावरील सस्तन प्राण्यांची शास्त्रीय यादी कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्याने १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करताना त्याने ही माहिती जमवली होती. येथील लांडग्याला त्याने ‘कॅनिस पॅलिपीस’ असे नाव दिले. पॅलिपीस म्हणजे फिकट पायांचा. भारतीय लांडग्याच्या उपजातीच्या नावात हा शब्द आजही आहे. खोकडाला तर त्याने स्थानिक नावावरूनच ‘कोक्री’ म्हटले.

मात्र या प्राण्यांचे निरीक्षण करणारे लोक सायक्सच्या पुष्कळ आधीपासून येथे होते. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे ज्ञान एका साध्या वस्तूत आणि ती मांडण्याच्या पद्धतीत साठवलेले होते. ती वस्तू म्हणजे फास, आणि ते लोक म्हणजे फासेपारधी.

फास कसा काम करतो?

पारध म्हणजे शिकार. पारध करणारा तो पारधी. पारध्यांमध्ये साधनांवरून निरनिराळे गट पडले. चित्ता शिकवून त्याच्याकडून काळवीट धरणारे ते चित्तेपारधी, तर फासाने शिकार करणारे ते फासेपारधी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गटांची आणि त्यांच्या फासांची वर्णने आहेत.

फासाचे तत्त्व सरकत्या गाठीचे आहे. प्राणी सुटण्यासाठी जितका जोर लावतो तितकी गाठ आवळते. म्हणजे फास आवळण्याची शक्ती प्राण्याचीच असते. मांडणाऱ्याला ती पुरवावी लागत नाही. पक्ष्यांसाठी घोड्याच्या शेपटीचे केस किंवा तात वापरत. घोड्याचा केस ताठ असल्याने फासाचे वेटोळे आपोआप उघडे राहते. तो बारीक असतो आणि वाळल्या गवतात उठून दिसत नाही. असे अनेक फास एका ओळीत बांधून ती ओळ खुंट्यांनी जमिनीत रोवायची. हरणासाठी हेच तत्त्व, पण दोर दणकट.

खरे कौशल्य पुढेच आहे. फास लावणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असावी लागतात. प्राणी या वाटेने का येईल? आल्यावर त्याला काय जाणवेल? त्याचे पाऊल नेमके कोठे पडेल?

तित्तराचे उदाहरण घेऊ. तित्तर उडण्यापेक्षा चालणे आणि पळणे पसंत करतो. म्हणून फास झुडपांमधल्या चालण्याच्या फटीत लावायचा. नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज सहन करत नाही. म्हणून पारधी तित्तराची हुबेहूब साद घालतो किंवा पाळलेला तित्तर जवळ ठेवतो. माणसाची आकृती दिसताच माळावरचे पक्षी आणि हरणे दूर जातात, पण चरणाऱ्या गुरांकडे दुर्लक्ष करतात. म्हणून शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने भक्ष्याला हळूहळू फासांकडे सरकवायचे. हद्दीचे रक्षण, धोका ओळखण्याची खूण, सवयीची वाट हे प्राणिवर्तनशास्त्राचे विषय आहेत. पारध्याची मुले ते वडिलांच्या मागे माळावर चालताना शिकत.

याकोब फॉन उक्सक्युल या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी एक महत्त्वाचा विचार मांडला. प्रत्येक प्राणी आपापल्या ज्ञानेंद्रियांनी घडवलेल्या वेगळ्या जगात राहतो. तेव्हा प्राणी समजून घ्यायचा तर त्याचे जग समजून घ्यायला हवे. चांगला फास लावणारा नेमके हेच करतो. जागा माणसाच्या डोळ्यांना नैसर्गिक दिसून भागत नाही, ती त्या प्राण्याला नैसर्गिक वाटावी लागते.

नाकाने जग ओळखणारे प्राणी

लांडगा, कोल्हा यांसारख्या श्वानकुळातील प्राण्यांच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट होतो. त्यांचे जग मुख्यतः वासाचे. याच कुळातला उत्तर अमेरिकेतील प्राणी म्हणजे कॉयोटी. आकाराने साधारण आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, आणि सावधपणात कोल्ह्याच्या तोडीचा. त्याला पकडण्यासाठी जमिनीत पुरायचे लोखंडी सापळे तेथे वापरात आले. सीवेल न्यूहाउस याचे सापळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष प्रसिद्ध होते.

लोखंडाला लोखंडाचा वास येतो, आणि हाताळणाऱ्या माणसाचाही. म्हणून तेथील सापळेवाले सापळा झाडाच्या सालीत उकळत आणि हातमोजे घालून मांडत. नुकती उकरलेली माती ओलसर, म्हणून अधिक गडद दिसते. ती कापडावर जमवून दूर नेत आणि वरून कोरडी माती चाळून टाकत. कॉयोटी उरलेले अन्न जमिनीत पुरून ठेवतो, हे त्यांनी हेरले होते. त्यामुळे लहानसे बीळ आणि त्यात थोडे आमिष म्हणजे त्याला दुसऱ्या कॉयोटीचे कोठार वाटे. हा प्राणी ठराविक जागी मूत्राने खूण करतो, तेथेही सापळे मांडले जात. साहित्य निराळे, देश निराळा. पण प्रश्न फासेपारध्याचेच तीन.

एकच ज्ञान, दोन नशिबे

येथून पुढे मात्र दोन्ही वाटा फुटतात.

अमेरिकेत १९१५ साली मेंढपाळांच्या मागणीवरून केंद्र सरकारने लांडगे आणि कॉयोटी मारण्यासाठी पैसा मंजूर केला. सापळेवाले सरकारच्या जैविक पाहणी विभागात पगारी नोकर झाले. त्यांचे अनुभव सरकारी पत्रकांत छापले गेले आणि शेतकऱ्यांना वाटले गेले.

आपल्याकडे १८७१ साली झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली सुधारून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करण्यात आला. एखाद्या जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाची गुन्हेगार म्हणून नोंद होऊ लागली. पारधी त्यांत आले. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला परवाना, काहींच्या नशिबी सोलापूरसारख्या ठिकाणची सेटलमेंट. ज्यांचे सारे ज्ञान भटकण्यावर उभे होते, त्यांचे भटकणेच गुन्हा ठरले. माळावरच्या प्राण्यांची माहिती असलेल्या माणसांची नावे अशा रीतीने पोलिसांच्या वहीत गेली.

या काळात वेगळी वाट दाखवणारे उदाहरण जवळच्या कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी आपल्या पदरी ठेवून पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यावर पहारा ठेवावा असे कायदा सांगत होता, त्यांनाच पहारेकरी नेमले.

देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातील शिकारीच्या व्याख्येत फास लावणे आणि सापळ्यात पकडणे हेही येते. हा कायदा आवश्यक होता. फास निवड करत नाही. त्यात पाय अडकलेला प्राणी यातना भोगतो. शिवाय ब्रिटिश अमदानीत बक्षिसे लावून झालेला संहार प्रचंड होता. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेल्याची इतिहासकारांची गणना आहे. माळही नांगराखाली जात होते. पण एक गोष्ट राहून गेली. पारध बंद करताना पारध्याला जमीन, शाळा आणि काम मिळाले का, हे पाहिले गेले नाही. पहिला कायदा रद्द झाला तरी त्याचा शिक्का गावकऱ्यांच्या मनातून पुसला गेला नाही.

अमेरिकेतील ज्ञानाचे तरी काय झाले? लांडगा तेथील बहुतेक राज्यांतून नाहीसा झाला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. १९९५ साली कॅनडातून आणून ते पुन्हा सोडावे लागले. कॉयोटी मात्र इतके सापळे लावूनही संपला नाही. लांडगा गेल्यावर तो पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. अॅडॉल्फ म्युरी याने १९४० साली यलोस्टोनमधील कॉयोटीच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उंदीर आणि तत्सम लहान प्राण्यांचे प्रमाण मोठे आढळले. प्राणी कसा पकडावा हे ठाऊक होते. तो निसर्गात काय करतो हा प्रश्न उशिरा विचारला गेला.

फासाविना माग

आज तेच ज्ञान संरक्षणासाठी हवे आहे. जंगलवाटेवर स्वयंचलित कॅमेरा लावणाऱ्या संशोधकालाही विचारावे लागते की प्राणी येथून का जाईल आणि पाऊल कोठे पडेल. लांडग्याला रेडिओपट्टा बांधण्यासाठी अनेक देशांत रबर लावलेले, इजा न करणारे सापळे वापरतात, आणि ते मांडण्याची रीत जुन्या सापळेवाल्यांकडून आलेली आहे. विदर्भात अकोला-वाशीम भागातील फासेपारधी तणमोर या दुर्मिळ पक्ष्याच्या संरक्षणाच्या कामात सहभागी झाले आहेत. गवतात दडलेला हा पक्षी शोधायला त्यांच्याइतकी सरावलेली नजर क्वचितच सापडेल.

शाळेत हा विषय फासाविना शिकवता येतो. मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या फटीजवळ हातभर जागा निवडावी. तेथे बारीक माती चाळून सपाट पसरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला घेऊन पाहावे. कुत्र्याच्या पावलात नखांचे ठसे उमटतात, मांजराच्या उमटत नाहीत, कारण ती नखे आत ओढून चालते. मुंगूस, कावळा, सरडा यांच्या खुणा निराळ्या. मुलांनी आधी अंदाज लिहावा की प्राणी कोणत्या फटीने येईल, मग ठशांशी ताडून पाहावा. अंदाज चुकला तर का चुकला, यावर चर्चा करावी.

वर्गात पारधी समाजातील मूल असेल, तर त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना, त्यांची इच्छा असल्यास, या तासाला बोलवावे. ठसे किती जुने, प्राणी चालत होता की पळत होता, हे ते सांगतील तेव्हा शिक्षकांनीही वहीत टिपून घ्यावे. पोलिसांखेरीज दुसऱ्या कोणी त्यांचे नाव आदराने वहीत लिहिले, हे त्या मुलाने आणि त्याच्या सोबत्यांनी पाहायला हवे.