जाम झालेले इंजिन काय सांगते?

१/ १७ सप्टेंबर १९६१. स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे १२५ सीसी गटाची शर्यत सुरू होती. विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेला पूर्व जर्मनीचा अर्न्स्ट डेग्नर इंजिन निकामी झाल्याने सुरुवातीलाच बाहेर पडला आणि मायदेशी परतलाच नाही. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना लोटला होता. पूर्व जर्मनीकडून आरोप झाला : त्याने इंजिन मुद्दाम बिघडवले.

२/ टू-स्ट्रोक इंजिन निकामी व्हायला चालकाचा हेतू लागतोच असे नाही. आज मातीत धावणारी डर्ट बाइक ज्या कारणांनी जाम होते, त्यांची मुळे या इंजिनाच्या रचनेतच आहेत.

३/ डेग्नरची मोटरसायकल एमझेडची होती. सॅक्सनीतील चोपाऊ येथील या कारखान्यात अभियंते वाल्टर काडेन तुटपुंज्या साधनांवर संशोधन करीत होते. एक्झॉस्टच्या फुगीर नळीतून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या तत्त्वाचा त्यांनी कसून उपयोग केला. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरमागे २००.

४/ शक्तीबरोबर उष्णताही वाढली. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो. दोहोंमधील मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. ती संपली की पिस्टनचा धातू भिंतीला फासला जातो आणि इंजिन अडकते.

५/ वंगणाची व्यवस्थाही नाजूक. अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पोहोचले, तर तेलही कमी पोहोचते. पंपावर ‘टू-टी’ ऑइल मिसळून घेणाऱ्या बजाज चेतकच्या पिढीला हे मिश्रण परिचित आहे. ते तेल पिस्टन वाचवण्यासाठीच असे.

६/ डेग्नर सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. पुढे सुझुकीच्या टू-स्ट्रोक गाड्या मातीच्या शर्यतींतही उतरल्या. १९७० मध्ये जोएल रोबेर याने सुझुकीवर २५० सीसी मोटोक्रॉसचे विश्वविजेतेपद जिंकले. वेगाबरोबर जाम होण्याचा धोकाही मातीत आला.

७/ अशी गाडी घरी आली, तर पहिला प्रश्न : इंजिन धावताना अडकले की उभ्या-उभ्या? वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीत बहुधा गंज असतो. स्पार्क प्लग काढून आत गंज सोडवणारे तेल ओतावे आणि एक-दोन दिवस थांबावे. मग वरचा गिअर टाकून गाडी हळूच मागे-पुढे ढकलावी. जोराने किक मारू नये.

८/ धावताना अडकले असेल, तर हेड आणि सिलिंडर उतरवून पिस्टन पाहावा. चार कोपऱ्यांवर सारखे ओरखडे असतील, तर थंड इंजिन घाईने ताणल्याचा संशय घ्यावा. एक्झॉस्टच्या बाजूलाच ओरखडे असतील, तर अतिउष्णता किंवा अपुरे वंगण. माथ्याला भोक पडले असेल, तर पातळ मिश्रण, चुकीचा प्लग किंवा अवेळी ज्वलन.

९/ दुरुस्ती नुकसानीनुसार ठरते. बिडाच्या सिलिंडरला खोल ओरखडे असतील, तर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवाव्या लागतात. निकासिलचा मुलामा असलेल्या सिलिंडरला मात्र पुन्हा मुलामाच द्यावा लागतो. ते काम घरचे नव्हे. क्रँककेसमधले धातूचे कण धुऊन काढावेत, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे तपासावीत.

१०/ सर्वांत महागात पडते ते कारण न शोधता केलेले जोडकाम. कार्ब्युरेटरचा जेट तुंबला असेल, क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असेल किंवा तेलाचे प्रमाण चुकले असेल, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

११/ डेग्नरवरील आरोपालाही हाच नियम लागू पडतो. त्याचे पलायन हा त्याच्या हेतूचा पुरावा आहे, इंजिनाच्या बिघाडाचा नव्हे. घातपात की उष्णता, हे ठरवायला सिलिंडर उघडून धातूच पाहावा लागतो.